दिल्लीचे सभागृह, महाराष्ट्राच्या जागा आणि मुसलमान

वाचकहो, लोकसभेत आपल्या महाराष्ट्राच्या ४८ जागा आहेत. उत्तर प्रदेश सोडला तर इतक्या जागा दुसऱ्या कोणत्याही राज्याला नाहीत. पूर्वी बिहार आपल्या पुढे होता, पण २००० साली झारखंड वेगळा झाला आणि दुसरा क्रमांक महाराष्ट्राकडे आला. २०२४ च्या जून महिन्यात लोकसभेचे निकाल लागले तेव्हा या ४८ सभासदांत एकही मुसलमान नव्हता. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे राज्याच्या लोकसंख्येत मुसलमान सुमारे साडेअकरा टक्के आहेत. असे प्रथमच घडले असेही नाही. २००९ आणि २०१४ सालीही महाराष्ट्रातून एकही मुसलमान लोकसभेवर गेला नव्हता.

शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असा प्रश्न कोणी करील. परंतु दिल्लीतील जागा आणि शाळेतील बाक यांचा संबंध आपल्या इतिहासात फार जवळचा आहे आणि तो एकदा नव्हे, दोनदा आलेला आहे. तो सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पहिला प्रसंग १९१२ सालचा. त्या काळी दिल्लीला लोकसभा नव्हती. गव्हर्नर-जनरलचे वरिष्ठ कायदेमंडळ होते आणि त्यात मुंबई इलाख्यातर्फे ना. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पासून बसत असत. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याप्रमाणे मुंबई कौन्सिलातील मुसलमान सभासदांनी १९१० च्या जानेवारीत वरिष्ठ कायदेमंडळावर बॅ. महंमद अली जिना यांना पाठविले. पुढे पाकिस्तानचे जनक म्हणून ओळखले गेलेले हे गृहस्थ त्या वेळी राष्ट्रसभेचे कार्यकर्ते होते. नवल म्हणजे स्वतंत्र मतदारसंघातून निवडून आल्यावर त्याच वर्षीच्या अखेरीस अलाहाबादच्या राष्ट्रसभेत त्यांनी ठराव मांडला तो ही पद्धत नगरपालिका व लोकलबोर्डांपर्यंत नेऊ नये असा!

१९११ च्या मार्चमध्ये ना. गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. मागणी अगदी माफक होती. ज्या नगरपालिकेची किंवा बोर्डाची इच्छा असेल तिने सरकारच्या परवानगीने आपल्या हद्दीत ६ ते १० वर्षांच्या मुलांना शाळेत घालणे सक्तीचे करावे, आणि खर्चाचा काही भार कर बसवून स्वतः उचलावा, एवढेच. सरकारची मुख्य सबब पैशाची होती. बॅ. जिनांनी ती मुळीच मानली नाही. पैसा नसेल तर तो शोधा, असे त्यांनी सरकारला भर सभेत सुनावले. १९१२ च्या मार्चमध्ये मतदान झाले, बिलाच्या बाजूने १३ आणि विरुद्ध ३८. सरकारी सभासदांचा गठ्ठा असलेल्या सभेत दुसरे काही होणे शक्यही नव्हते. पण मुंबई इलाख्यातून गेलेला एक हिंदू आणि एक मुसलमान सभासद, वेगवेगळ्या दारांनी आत आलेले, त्या दिवशी एकाच बाजूला होते, ही गोष्ट आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात असायला हवी होती.

त्यानंतरच्या पस्तीस वर्षांबद्दल थोडक्यात सांगतो. १९१६ च्या लखनौ कराराने, लोकमान्य टिळकांच्या संमतीने, स्वतंत्र मतदारसंघ राष्ट्रसभेनेही मान्य केले. १९२१ पासून मध्यवर्ती विधिसभा भरू लागली. तिच्या अध्यक्षपदी मुंबई इलाख्यातील विठ्ठलभाई पटेल १९२५ ते १९३० पर्यंत होते आणि १९३१ ते १९३३ पर्यंत मुंबईचेच सर इब्राहिम रहिमतुल्ला होते. मतदानाचा हक्क मालमत्ता व कर यांवर ठरत असल्याने गरिबाला त्यात स्थान नव्हते. मुसलमान उमेदवाराला केवळ मुसलमानांचीच मते मिळवायची असल्यामुळे शेजारच्या हिंदूला आपले म्हणणे पटवून देण्याची गरज त्याला उरली नाही, आणि हिंदू उमेदवारालाही मुसलमान मोहल्ल्यात पाऊल टाकण्याचे कारण उरले नाही. याचे फळ १९४५-४६ च्या निवडणुकीत दिसले. मध्यवर्ती विधिसभेच्या तीसच्या तीस मुसलमान जागा मुस्लिम लीगने जिंकल्या. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

आता दुसरा प्रसंग. हा आपल्या विदर्भातील माणसाचा आहे आणि फारच थोड्यांना माहीत आहे. घटना समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडतर्फे काझी सय्यद करीमुद्दीन हे सभासद होते. तोवर घटना समितीने स्वतंत्र मतदारसंघ रद्द करून संयुक्त मतदारसंघात अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा, असा निर्णय १९४७ सालीच घेतलेला होता. जानेवारी १९४९ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीचे कलम चर्चेला आले तेव्हा काझीसाहेबांनी एक वेगळीच दुरुस्ती सुचविली. मतदारसंघ एका जागेचे नकोत, अनेक जागांचे असावेत, आणि जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला असावीत. ती सगळी मते त्याला एकाच उमेदवाराला देता यावीत. म्हणजे एखाद्या मतदारसंघात चार जागा असतील, तर मतदार आपली चारही मते एकाच्या पेटीत टाकू शकेल. अशा रीतीने विखुरलेल्या कोणत्याही अल्पसंख्य गटाला, मग तो धर्माचा असो, जातीचा असो वा मतप्रणालीचा, आपला एखादा माणूस निवडून आणता येतो. त्यासाठी कोणाच्या नावापुढे धर्म लिहावा लागत नाही की जागा राखून ठेवावी लागत नाही.

ही कल्पना आपल्या भागाला अपरिचितही नव्हती. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई प्रांतातील अनेक जागांच्या मतदारसंघांत मते एकवटून देण्याची हीच सोय होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष त्याच निवडणुकीतून विधिमंडळात आला होता. अर्थात तेव्हा मतदार मर्यादित होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

काझीसाहेबांच्या दुरुस्तीला उत्तर देण्याचे काम डॉ. आंबेडकरांकडेच होते. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीला मोठ्या प्रमाणावर साक्षरता लागते आणि ती आपल्या देशात नाही, हे त्यांनी एक कारण दिले. अशा पद्धतीने सभागृहाचे तुकडे होतील व सरकार स्थिर राहणार नाही, हे दुसरे. शिवाय अल्पसंख्याकांसाठी राखीव जागांचे तत्त्व सभेने मान्य केलेलेच आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. दुरुस्ती फेटाळली गेली.

साक्षरता नव्हती, हे खरेच होते. १९५१ च्या शिरगणतीत देशातील साक्षरांचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास भरले. पण ती का नव्हती? ना. गोखल्यांचे बिल १९१२ साली पडले नसते तर १९४९ साली हे उत्तर देता आले असते काय, असा प्रश्न हे सारे वाचताना प्रस्तुत लेखकाच्या मनात वारंवार येतो. घटना समितीच्या कामकाजाच्या सातव्या खंडात ही चर्चा आहे. ज्या वाचकाला शक्य असेल त्याने ती मुळातून पाहावी.

आणि यानंतर पाचच महिन्यांनी, मे १९४९ मध्ये, सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीच्या शिफारशीवरून धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही रद्द झाल्या. त्या रद्द व्हाव्यात असे म्हणणाऱ्यांत बेगम ऐजाज रसूल व तजम्मुल हुसेन यांच्यासारखे मुसलमान सभासद होते, हे विसरून चालणार नाही. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. राखीव जागा अलगपणा वाढवितात, हा त्यांचा युक्तिवाद चुकीचा होता असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. परंतु जानेवारीत जिचा आधार सांगून काझीसाहेबांची दुरुस्ती बाजूला सारली गेली, ती गोष्ट मे महिन्यात नाहीशी झाली, आणि दुरुस्तीचा फेरविचार मात्र झाला नाही.

संयुक्त मतदारसंघ मग कसे चालले? आरंभी ४५ जागा असलेले मुंबई राज्य, मग ६६ जागांचे द्विभाषिक, आणि १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर १९६२ च्या निवडणुकीत ४४, पुढे ४५ आणि १९७७ पासून ४८ असा हा जागांचा हिशेब. यांतून जे मुसलमान दिल्लीस गेले ते कोठून गेले, ते पाहा. तिसऱ्या लोकसभेत अकोल्याहून मोहम्मद मोहिब्बुल हक होते. १९६७ व १९७१ साली अकोल्याहूनच के. एम. असगर हुसेन निवडून आले. १९७१ साली चांद्याहून अब्दुल शफी आणि मुंबईतून अब्दुल कादर सालेभॉय गेले. १९८० साली औरंगाबादहून उर्दूचे नामवंत कवी काझी सलीम निवडून आले. वाशीमने १९८० व १९८४ अशा दोन्ही वेळा गुलाम नबी आझाद यांना निवडून दिले, आणि ते तर काश्मीरचे! १९८४ साली रत्नागिरीने हुसेन दलवाई यांना पाठविले.

या यादीत भिवंडी नाही, मालेगाव नाही. जेथे आपली वस्ती दाट आहे असे आपण मानतो तेथून नव्हे, तर जेथे शेजाऱ्यांची मते मिळाल्यावाचून निवडून येणे अशक्य होते अशाच ठिकाणांहून बहुतेक सभासद गेले. चांद्याच्या मतदाराने अब्दुल शफींना मत दिले ते मुसलमान म्हणून नव्हे, आणि मुसलमान असूनही, असेही नव्हे. ते जिल्ह्याच्या राजकारणातले ओळखीचे माणूस होते आणि त्यांच्यापाशी काँग्रेसचे तिकीट होते.

बॅ. अब्दुल रहमान अंतुले यांचे उदाहरण याहून ठळक आहे. रायगड जिल्ह्यातील आंबेत हे त्यांचे गाव. १९८० साली ते मुख्यमंत्री झाले. न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले. माणूस संपला असे अनेकांनी मानले. पण शेतकरी कामगार पक्षाचे बळ असलेल्या कुलाबा मतदारसंघातून ते १९८९, १९९१, १९९६ आणि पुन्हा २००४ अशा चार वेळा लोकसभेवर गेले. त्यांची मते आगरी, कुणबी, मराठा, कोळी अशा सगळ्या वाड्यांतून आली, एरव्ही तेथे जिंकणे कोणालाही शक्य नव्हते. २००६ साली नव्याने निघालेले अल्पसंख्याक खाते केंद्रात त्यांच्याकडेच आले. २००८ च्या पुनर्रचनेत कुलाबा मतदारसंघ मोडला, रायगड झाला, आणि २००९ साली तेथे अनंत गीते यांनी त्यांचा पराभव केला.

पुढची दहा वर्षे कोरी गेली. मग २०१९ साली औरंगाबादहून मजलिसचे इम्तियाज जलील निवडून आले. प्रकाश आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीची साथ होती, शिवाय एका अपक्षाने शिवसेनेची बरीच मते खाल्ली होती. अंतर होते अवघे ४,४९२ मतांचे. २०२४ साली ती साथ नव्हती आणि जागा गेली. त्याच निवडणुकीत महायुती व महाविकास आघाडी या दोन्ही मोठ्या आघाड्यांनी महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी एकीवरही मुसलमान उमेदवार उभा केला नाही. तेव्हा मतदाराला दोष द्यायचा कशाबद्दल? त्याला विचारलेच गेले नाही. अकोल्याच्या किंवा चांद्याच्या जुन्या मतदारापुढे निदान नाव तरी ठेवले गेले होते. आमच्यातीलच काही लोक मते फुटतात म्हणून आपल्याच बांधवांवर खापर फोडतात. त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

राज्यसभेचे चित्र थोडे निराळे आहे, आणि त्याचे कारण मौजेचे आहे. तेथे आमदार मत देतात ते प्रमाणशीर पद्धतीनेच, म्हणजे काझी करीमुद्दीन यांच्या मागणीच्या जवळच्या नात्यातील पद्धतीने! औरंगाबादला मौलाना आझाद कॉलेज उभारणारे डॉ. रफिक झकेरिया, दीर्घकाळ उपसभापती राहिलेल्या डॉ. नजमा हेपतुल्ला, नटश्रेष्ठ दिलीपकुमार, हुसेन दलवाई (हे हमीद दलवाईंचे बंधू, रत्नागिरीचे नव्हेत), माजीद मेमन, फौजिया खान असे अनेकजण महाराष्ट्रातून तेथे गेले. मात्र २००३ साली उमेदवार त्याच राज्याचा मतदार असण्याची अट निघाल्यापासून बिहारचे तारिक अन्वर आणि उत्तर प्रदेशाचे इम्रान प्रतापगढी यांनाही आपल्याच आमदारांनी पाठविले. पाहुण्यांचा अनादर करण्याचा हेतू नाही, पण कोकणात, मराठवाड्यात, वऱ्हाडात माणसे नव्हती काय?

साक्षरतेच्या कारणाविषयी आणखी एक आकडा द्यावासा वाटतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने देशभरातील मुसलमानांची साक्षरता सर्वसाधारण प्रमाणापेक्षा कमी, ५९ टक्के दाखविली. पण २००१ च्या शिरगणतीत महाराष्ट्रातील मुसलमानांची साक्षरता ७८ टक्के निघाली, म्हणजे राज्याच्या एकूण सरासरीहून किंचित जास्तच. आपल्यासारख्या संस्थांच्या शाळांचा त्यात वाटा आहेच. १९४९ साली दिलेले ते कारण आता निदान या राज्यात तरी कोणाला देता येणार नाही.

त्याच सच्चर समितीने आणखी एका गोष्टीकडे बोट दाखविले होते. ज्या मतदारसंघांत मुसलमानांची संख्या मोठी आहे ते अनुसूचित जातींसाठी राखून ठेवले जातात आणि जेथे अनुसूचित जातींची संख्या मोठी आहे ते खुले राहतात, असे काही राज्यांत घडले असून, मतदारसंघ आखताना अधिक विवेक दाखवावा, अशी तिची सूचना होती. महाराष्ट्राच्या ४८ जागांचा आकडा १९७१ च्या शिरगणतीवर ठरलेला आहे. १९७६ साली तो गोठविला गेला आणि ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीपर्यंत वाढविली. मागील पुनर्रचनेत कुलाबा मोडला, वाशीम मोडला. तेव्हा आयोगाने नकाशे जाहीर करून हरकती मागविल्या होत्या, त्या लेखी द्यायच्या होत्या आणि जाहीर बैठकीत मांडायच्या होत्या.