तांबड्या पेशीची रोजनिशी

लॅबमधून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या पीडीएफमधली एक ओळ आता घरोघरी ओळखीची झाली आहे: एचबीए१सी. घरातली मोठी माणसं तिला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. या आकड्यावरून घरात चहातली साखर बंद होते, गोळ्या वाढतात, वादही होतात. पण हा आकडा थेट साखर मोजतच नाही, आणि ज्याला तो सापडला तो साखर शोधतही नव्हता.

त्याआधीची पद्धत आठवणारे आजी-आजोबा अजून असतील. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे आणि तापवायचं. निळंच राहिलं तर ठीक. साखर असेल तशी छटा हिरवी, पिवळी, शेवटी विटकरी होई. पुढे रक्तातली साखर मोजणं सोपं झालं, तरी अडचण तीच राहिली: ती त्या क्षणाची साखर. डॉक्टरकडे जाण्याआधी दोन दिवस गोड सोडलं की रिपोर्ट छान यायचा. मागच्या दोन महिन्यांत काय झालं, हे कुणालाच कळायचं नाही.

ते कळण्याची सोय रक्तातच होती. हिमोग्लोबिनचे काही बारीक उपप्रकार असतात. १९५८ साली कॅलिफोर्नियात ॲलन, श्रोडर आणि बॅलॉग यांनी ते वेगळे केले, त्यातल्या एकाला ए१सी हे नाव मिळालं. १९६२ मध्ये ह्यूझमन आणि डोझी यांना काही मधुमेही रुग्णांत असा उपप्रकार वाढलेला दिसला. ते रुग्ण टोलब्युटामाइडच्या गोळ्या घेत होते, म्हणून हा गोळीचा परिणाम असावा असं त्यांना वाटलं. धागा हातात आला आणि निसटला.

तो पुन्हा पकडला गेला तेहरानमध्ये. हमदान शहरात १९२९ साली जन्मलेले, इराणच्या ज्यू समाजातले डॉ. सॅम्युअल रहबर तेहरान विद्यापीठात आनुवंशिक हिमोग्लोबिन-दोषांचा अभ्यास करत होते. जेलच्या पातळ थरातून वीज सोडायची आणि कोणतं हिमोग्लोबिन किती पुढे सरकतं ते पाहायचं, हे त्यांचं रोजचं काम. सुमारे १२०० रुग्णांच्या तपासणीत दोघांच्या रक्तात एक अनोळखी पट्टा दिसला. दोघेही मधुमेही होते. मग त्यांनी ४७ मधुमेही रुग्णांचं रक्त तपासलं. प्रत्येकात तो पट्टा होता. १९६८ साली हे प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हेलन रॅनी यांच्यासोबत काम करताना हा पट्टा म्हणजे तेच जुनं ए१सी, हे सिद्ध झालं.

वाढीचं कारण साधं आहे. पाव भाजताना साखर आणि प्रथिन यांच्यात ज्या प्रकारची क्रिया सुरू होते, तिचीच पहिली पायरी आपल्या रक्तात हळूहळू घडत असते. ग्लुकोज हिमोग्लोबिनला चिकटतं आणि सहसा सुटत नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या दिवसांची नोंद तिच्यात साचत जाते. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात केनिग, सेरामी आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णांची साखर काटेकोर आटोक्यात आणली आणि ए१सी उतरताना पाहिलं. शोधाचा मापदंड झाला.

त्याचं मोल ठरलं १९९३ मध्ये. अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप १ मधुमेहाच्या १४४१ रुग्णांवर वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासाचा निकाल लागला. एका गटाचं ए१सी सुमारे ७, दुसऱ्याचं सुमारे ९. पहिल्या गटात डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होता. मधुमेहातली आंधळेपणाची वाट अटळ नाही, हे आकड्यात दिसलं. पण निदानासाठी ही चाचणी वापरण्याची शिफारस अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने केली ती २०१० मध्ये, कारण तोवर वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी जुळवून घ्यावे लागले.

रहबर १९७९ च्या क्रांतीनंतर इराण सोडून कॅलिफोर्नियात गेले आणि तिथे संशोधन करत राहिले. २०१२ साली त्याच असोसिएशनने त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी ते गेले.

गंमत अशी, की रहबर जे हिमोग्लोबिन-दोष शोधत होते, तेच आज या चाचणीला चकवतात. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो. त्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, नोंद साचायला वेळच मिळत नाही, आणि साखर जास्त असूनही आकडा कमी दिसू शकतो. लोहाच्या कमतरतेत उलट घडतं: आकडा उगाच वर सरकू शकतो. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे लक्षात घेतलं तर ही बाब किरकोळ राहत नाही. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, किंवा फ्रुक्टोसामाइनसारखी दुसरी चाचणी सोबत पाहावी लागते.

म्हणून पुढच्या वेळी आईचा रिपोर्ट आला, की एचबीए१सीच्या आधी हिमोग्लोबिनची ओळ वाचा. ती कमी असेल, किंवा घरात सिकलसेल असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा. रोजनिशी वाचण्याआधी ती किती दिवसांची आहे, हे माहीत हवं.