बिनपाण्याची हिरवळ

वसुबारसेच्या सुमाराला आमच्या शाळेचे मैदान रंग बदलू लागते. पाऊस परतून गेलेला असतो, सकाळच्या दवाने पाय भिजतात. पण दुपारी पाहावे तर हिरव्या गवतात पिवळी छटा शिरलेली दिसते. ही पिवळी छटा पाहिली की मला माझी एक जुनी चूक आठवते. त्या चुकीपायीच हा लेख लिहीत आहे.

माणदेशातल्या एका छोट्या गावी आमची शाळा आहे. पाऊस बेताचा, आणि तोही लहरी. उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे मैदानाला पाणी कोण घालणार? काही वर्षांपूर्वी शाळेच्या वाढदिवसाच्या निमित्ताने मैदानावर हिरवळ करायचे माझ्या मनाने घेतले. मृगाचा पाऊस पडताच मुलांकडून बांधावरची हरळी आणवली, तिचे कांडी-कांडी तुकडे करून ओल्या मातीत पुरले. आषाढभर गवत धरले, श्रावणात तर अंग धरून पसरले. पण भाद्रपदात पावसाने दडी मारली आणि गवत मलूल झाले. मी घाबरलो. कोणीतरी सांगितले, 'खत कमी पडले असेल.' मी अमोनियम सल्फेटची पिशवी आणली आणि एका संध्याकाळी, कोरड्या ठणठणीत जमिनीवर, मुठी भरभरून ते पांढरे खत फेकले.

चार दिवसांनी मैदानावर जेथे जेथे माझी मूठ पडली होती तेथे तेथे गवत जळाले होते. लांबून पाहिले तर कोणी निखाऱ्याचे पंजे उमटवीत गेल्यासारखे दिसे. मुले काही बोलली नाहीत. पण ज्या मुलांनी कांड्या पुरल्या होत्या ती डाग चुकवून चालू लागली. ते मला फार लागले. आमच्या शाळेचे शिपाई, ज्यांना सारा गाव तात्या म्हणतो, ते तेवढे बोलले :

"गुर्जी, तान्हेलं लेकरू पानी मागतंय, आन् तुमी त्येच्या त्वांडात मिठाचा खडा घातला की!"

पुढे रसायनशास्त्राच्या पुस्तकात मी याचे कारण शोधले, तेव्हा त्यातही तात्यांचेच म्हणणे निघाले. खत म्हणजे एक जातीचे मीठच. जमिनीत ओल असेल तर ते विरघळून मुळांच्या पोटात जाते. ओल नसेल तर उलट मुळांतलेच पाणी ओढून बाहेर काढते. पाण्यावाचून गवत कसे राखावे आणि त्याला खत कधी, किती द्यावे, हा प्रश्न मग माझ्या डोक्यात घर करून बसला. त्याचा माग काढता काढता मी जेथे जाऊन पोचलो, ती कथा वाचकांनाही आवडेल असे वाटते.

राखलेल्या हिरवळीचे वेड मुळात इंग्रजांचे. अठराव्या शतकात तेथल्या जमीनदारांनी आपल्या वाड्यांभोवती मैलभर गवताची कुरणे पसरली. ती राखायला दोन साधने : एक मेंढ्यांचे कळप, आणि दुसरे लांब दांड्याला वाकडे पाते लावून गवत कापणारे मजूर. हे मजूर भल्या पहाटे कामाला लागत, कारण दवाने ओले झालेले गवत पात्याखाली नीट कापले जाते. इतके मजूर ठेवणे श्रीमंतालाच परवडे. मग १८३० साली ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउड गावाजवळच्या एडविन बडिंग नावाच्या कारागिराने एक युक्ती काढली. तेथल्या लोकरीच्या गिरण्यांत कापडावरची लव छाटायचे फिरत्या पात्यांचे यंत्र असे. बडिंगच्या मनात आले, की कापडाची लव छाटता येते तर जमिनीची का येऊ नये? त्यातून गवत कापायचे यंत्र निघाले, आणि हिरवळ वाड्यातून मध्यमवर्गीयांच्या अंगणात आली.

पण या हिरवळीला पाणी कोण घालीत असे? कोणीच नाही! ते काम आभाळ करी. येथे मला एका आकड्याची मोठी गंमत वाटते. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर परगण्यात हार्पेंडन नावाचे गाव आहे. तेथे वर्षाकाठी सुमारे अठ्ठावीस इंच पाऊस पडतो. आणि आपल्या पुण्यात? तोही जवळजवळ तेवढाच! दोन्हीकडे माप एकच. पण हार्पेंडनला ते बाराही महिने थोडे थोडे वाटले जाते, आणि आपल्याकडे चार महिन्यांत एकदम ओतले जाते. एखाद्याला पगार महिन्याच्या महिन्याला मिळावा आणि दुसऱ्याला वर्षाचा पगार एकदम हातात पडावा, तसा हा प्रकार. तेव्हा विलायती हिरवळीचा सोस आपल्याला का झेपत नाही, हे वेगळे सांगायला नको.

हार्पेंडनचे नाव मी उगाच घेतले नाही. तेथेच रोथॅमस्टेड नावाची एक जहागीर होती. तिचे मालक जॉन बेनेट लॉज. जन्म १८१४ चा. ऑक्सफर्डला गेले, पण पदवी न घेताच परत आले. (परीक्षांशी ज्यांचे फारसे पटले नाही त्यांना हे वाचून बरे वाटेल; मला तरी वाटले.) घरी परतल्यावर त्यांना रसायनांचा नाद लागला. त्या काळी शेतात हाडांची पूड घालीत. एका शेजाऱ्याने त्यांना सांगितले, की एका शेतात हाडाने पीक उठते, दुसऱ्यात काहीच होत नाही, हे कसे? लॉज यांनी हाडांवर गंधकाचे तेजाब घालून पाहिले. त्यातून सुपरफॉस्फेट निघाले. १८४२ साली त्यांनी त्याचे हक्क घेतले, कारखाना काढला आणि अमाप पैसा मिळवला. आपल्याकडचा शेतकरी ज्याला नुसते 'सुपर' म्हणतो, ते हेच.

दुसरा कोणी असता तर येथेच थांबला असता. पण खत विकणाऱ्या या गृहस्थाला खताचे खरे गुणदोष जाणून घ्यायचे होते. १८४३ साली त्यांनी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला हाताशी घेतले, आणि १९०० साली लॉज वारले तोवर ही जोडी सत्तावन्न वर्षे एकत्र राबली. गहू, जव, सलगम अशा पिकांवर त्यांनी प्रयोग मांडले. आणि १८५६ साली वाड्याजवळचे सुमारे सात एकरांचे एक जुने कुरण घेतले. निदान शंभर वर्षे तेथे नांगर लागलेला नव्हता. त्याचे वाफे पाडले. काही वाफ्यांना काहीच द्यायचे नाही, काहींना फक्त नत्र, काहींना स्फुरद आणि पालाश, काहींना सगळे. नांगरायचे नाही, नवे बी पेरायचे नाही, पाणी घालायचे नाही. जूनमध्ये गवत कापायचे, वाळवायचे, तोलायचे, लिहून ठेवायचे. हा क्रम आजतागायत चालू आहे. दोन महायुद्धे झाली. पण त्या कुरणावर गवत वाढतच राहिले आणि तोललेही जात राहिले. मातीचे आणि पिकांचे नमुने बाटल्यांत भरून ठेवायची तेथे रीत आहे. दुसऱ्या महायुद्धात बाटल्या मिळेनात, तेव्हा कॉफीचे आणि दुधाच्या भुकटीचे रिकामे डबे वापरले. चिकाटी म्हणतात ती ही!

या कुरणाने काय शिकवले? दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात.

पहिली गोष्ट १८७० सालची. त्या वर्षी इंग्लंडात मोठे अवर्षण पडले. बिनखताच्या वाफ्यात गवताने हाय खाल्ली. खताच्या वाफ्यांत मात्र चमत्कार दिसला. नत्र दोन रूपांत दिले जाई : काही वाफ्यांना अमोनियाचे क्षार, काहींना सोड्याचे नायट्रेट. अमोनियाच्या वाफ्यात गवत पुष्कळ घटले. नायट्रेटच्या वाफ्यात ते जवळपास नेहमीसारखे आले. लॉज आणि गिल्बर्ट यांनी तेथे खणून पाहिले. नायट्रेट पाण्याबरोबर खोल झिरपते. त्याच्या मागे मागे मुळेही खोल गेली होती, आणि वरची माती भाजत असताना ती तळची ओल पीत होती. अमोनिया वरच्या थरात अडकून राहतो, म्हणून तेथली मुळे वरच घुटमळली होती. म्हणजे अवर्षणात गवत तगते ते त्याच्या मुळांनी आधीच्या बऱ्या दिवसांत केलेल्या प्रवासावर. दुष्काळ आल्यावर खताच्या पिशव्या घेऊन धावणाऱ्या माझ्यासारख्याला यातून जे समजायचे ते समजले.

दुसरी गोष्ट कळायला अधिक वर्षे लागली. ज्या वाफ्यांना काहीच दिले नव्हते तेथे गवत थोडे येई. पण त्यात चाळिसाच्या आसपास जातींच्या वनस्पती नांदत. जेथे नुसते स्फुरद-पालाश दिले तेथे क्लोव्हरसारखी, आपल्या मेथीच्या कुळातली द्विदल रोपे वाढली. ती हवेतले नत्र स्वतःच मिळवतात. आणि जेथे वर्षानुवर्षे भरपूर अमोनियम सल्फेट घातले तेथे गवत उंच वाढले खरे, पण जाती गळत गळत दोन-तीनच उरल्या. माती आंबली. गांडुळे नाहीशी झाली. मेलेले पाते कुजेना. त्याची जाड गोधडीच जमिनीवर बसली. १९०३ पासून काही वाफ्यांना चुना देऊन पाहू लागले, तेव्हा कोठे आंबटपणा मोडतो हे दिसले. जास्त खाऊ घातलेले घर भरलेले दिसते, पण त्यात माणसे उरत नाहीत, तसा हा देखावा.

या परक्या कुरणाचा आपल्या मातीशी एक धागा आहे. जॉन ऑगस्टस वोल्कर हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ १८८९ साली हिंदुस्थानची शेती पाहायला आले. १८९३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी येथल्या शेतकऱ्याच्या काळजीपूर्वक मेहनतीची मनापासून वाखाणणी केली, आणि शेण जळणात जाते याबद्दल हळहळ व्यक्त केली. हेच वोल्कर इंग्लंडातल्या वोबर्न येथील प्रयोगक्षेत्राचे प्रमुख होते. पुढे ते क्षेत्र रोथॅमस्टेडच्या देखरेखीखाली गेले, आणि तेथे काम करायला आले हॅरोल्ड मॅन. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे १९०७ पासूनचे प्राचार्य ते हेच. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची घरोघर पाहणी करून त्यांनी १९१७ साली दख्खनच्या खेड्यावर पुस्तक प्रसिद्ध केले होते. आपल्या कोरडवाहू रानात वर्षे काढलेला माणूस अखेरीस त्याच इंग्रजी प्रयोगभूमीवर जाऊन माती तपासत बसला, याचे मला नवल वाटते.

आता आपल्या हरळीविषयी. हरळी म्हणजेच दूर्वा, हे शहरातल्या मुलांना अनेकदा ठाऊक नसते. हिच्यासारखे दुटप्पी नशीब दुसऱ्या गवताला मिळाले नसेल. गणपतीच्या मस्तकावर एकवीस दूर्वांची जुडी वाहायची, आणि शेतात दिसली की शिव्या देत खणून काढायची! शेतकऱ्याचा राग खरा आहे. कारण कांडे-कांडे फुटते, जमिनीखालीही धावते, एक तुकडा राहिला तरी पुन्हा उठते. पण जो गुण पिकात वैरी, तोच मैदानावर मित्र. पाणी तुटले की ती पाती वाळवते, मरत नाही. जमिनीखालच्या कांड्यांत जीव धरून झोपते. हिंदुस्थानात इंग्रजांनी हिरवळी केल्या त्याही बऱ्याचशा हिच्यावर. अमेरिकेच्या उष्ण दक्षिण भागातही हिरवळीला हेच गवत वापरतात. तेथे त्याला 'बर्म्युडा' म्हणतात.

त्या जळलेल्या भाद्रपदानंतर मैदानाविषयी शाळेत चर्चा झाली. काहींचे म्हणणे पडले, हे उकरून टाकावे आणि विकत मिळणारे हिरवळीचे तुकडे आणून अंथरावेत. पाण्याचे काय, असे मी विचारले. त्यावर टँकरचे नाव निघाले. माझ्या डोळ्यांपुढे रांगेत घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका आल्या. त्यांत आमच्या विद्यार्थ्यांच्या आया असतात. मी म्हणालो, 'एक पावसाळा मला द्या.' चूक माझी होती. ती निस्तरण्याचा हक्कही मी मागून घेतला.

नंतर आम्ही केले ते अगदी साधे. वैशाखात कुजलेले शेणखत चाळून ठेवले. मृगाच्या दोन चांगल्या सरी झाल्यावर ते पातळ पसरले. वरखत दिले ते दोनदाच, अगदी हलक्या हाताने, ओल्या जमिनीवर, पुन्हा सर येण्याचा रंग पाहून. गवत फार खाली कापले नाही, कारण पाते आखूड तितके मूळ आखूड. कापलेले शेंडे जागेवरच राहू दिले. तेच पुढे खत झाले. पाऊस सरल्यावर हात आखडता घेतला, आणि जळलेल्या पंजांवर मुलांनी पुन्हा कांड्या पुरल्या.

पोळ्यापर्यंत डाग भरून आले. मैदान उकरायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

तरीही दर वर्षी फाल्गुनापासून ते पिवळे पडते, चैत्रात तपकिरी होते. पहिल्या वर्षी पाचवीतल्या एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, आपलं गवत मेलं का?" मी त्याला बसवून एक कांडे उकरून दाखवले. वरचे पाते कागदासारखे वाळलेले, आणि मातीतले कांडे पांढरेशुभ्र, टणक. त्याने ते नखाने खरवडले, हुंगले, आणि पुन्हा जेथल्या तेथे पुरून वर माती दाबली. मग तात्यांना जाऊन सांगितले, "निजलंय."

बाराही महिने हिरवे असणे हे काही आपल्या जमिनीचे व्रत नव्हे. आठ महिने धीर धरायचा आणि चार महिन्यांत सगळे कमवायचे, ही तिची रीत. यंदाच्या वसुबारसेला मैदानाच्या कडेचे उंच गवत मुलांनी कापले आणि गावातल्या गाईंना नेऊन घातले. ते तोलून घ्यावे असे माझ्या मनात आले होते. पण तराजू आणेपर्यंत गाईंनी ते संपवले होते.