मजकूर आणि त्यावरील खुणा

कोशाचे पान डोळ्यांपुढे धरले असता त्याची रचना सुशिक्षित वाचकास कोणी समजावून द्यावी लागत नाही. जाड ठशात आहे तो मूळ शब्द, तिरप्या अक्षरांत आहे ती व्याकरणातील जात, कंसात आहे ती व्युत्पत्ती आणि खाली बारीक ठशात आहेत ती ग्रंथकारांची अवतरणे, हे तो न विचारता जाणतो. परंतु हेच पान अक्षरशः टंकून संगणकाच्या हवाली केले, तर त्याच्याजवळ राहते ती केवळ अक्षरांची एक लांबलचक माळ. तीत १८५७ हा आकडा आला तर तो अवतरणाचे वर्ष आहे की पृष्ठांक, हे त्यास ठाऊक नसते. ह्या माळेस अर्थाच्या खुणा जोडण्याची जी विद्या गेल्या अर्धशतकात उदयास आली, तिला यंत्रज्ञांच्या इतिहासात दोनचार ओळींची जागा मिळते. माझ्या मते ती याहून मोठ्या जागेची अधिकारी आहे. कारण हा इतिहास बव्हंशी यंत्रज्ञांचा नाहीच. तो एका वकिलाचा, कोशकारांचा आणि मध्ययुगीन जर्मन वाङ्मयाच्या एका अभ्यासकाचा आहे.

आरंभीच्या काळी माहिती छिद्रे पाडलेल्या कार्डांवर ठेवीत. एका कार्डावर ८० रकाने; अमुक रकान्यांत नाव, पुढील अमुक रकान्यांत जन्मतारीख, असा संकेत असे. पुढे साध्या मजकुराच्या फाइली आल्या, आणि रकान्यांऐवजी स्वल्पविराम कुंपणाचे काम करू लागले. दोहोंतही उणीव एकच. संकेताची किल्ली फाइलीत नसून फाइलीबाहेर, कोणाच्या तरी वहीत किंवा डोक्यात असे. तो मनुष्य नोकरी सोडून गेला की फाइल मुकी झालीच म्हणून समजावे.

‘मार्कअप’ हा शब्द मूळचा छापखान्यातला. हस्तलिखिताच्या समासात ‘हा मथळा मोठ्या ठशात घ्या’, ‘येथे ओळ आत सरकवा’ अशा सूचना जुळाऱ्यासाठी लिहीत, त्यास हे नाव होते. १९६४ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यासंस्थेत जेरोम सॉल्ट्झर यांनी ‘रनऑफ’ ही कार्यप्रणाली रचली, तेव्हा ह्याच सूचना मजकुरातच लिहिण्याची सोय झाली. पण त्या सूचना रूपाच्या होत्या, अर्थाच्या नव्हत्या. ग्रंथाचे नाव तिरप्या अक्षरांत, परभाषेतील शब्दही तिरप्या अक्षरांत आणि ज्यावर जोर द्यावयाचा तो शब्दही तिरप्याच अक्षरांत! छापील पानापुरते हे चालते. ‘ह्या मजकुरातील सर्व ग्रंथनामे काढून दे’ असे म्हणताक्षणी अडते. मजकुराचा आशय आणि त्याचे छापील रूप ह्यांची फारकत करावी, हा विचार विल्यम टनिक्लिफ यांनी १९६७ साली कॅनडातील एका सभेत मांडला. १९६९ मध्ये आय.बी.एम. कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब यांनी एडवर्ड मोशर व रेमंड लोरी ह्या सहकाऱ्यांसह तो प्रत्यक्षात उतरविला. गोल्डफार्ब हे पूर्वाश्रमीचे वकील, आणि पुढ्यातले कामही वकिलांच्या कचेऱ्यांतील कागदपत्रांचेच. कायद्याच्या मजकुरात कलम कोणते, पोटकलम कोणते आणि अपवाद कोणता, हे ठशाच्या आकारावर सोडून चालत नाही. त्यांच्या भाषेस तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे घेऊन ‘जीएमएल’ म्हणू लागले. तिचीच वाढ होऊन १९८६ साली ‘एसजीएमएल’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण निघाले.

परंतु ह्या विद्येची खरी कसोटी लागली ती ऑक्सफर्डच्या इंग्रजी महाकोशावर. १८८४ पासून खंडशः निघून १९२८ साली पुरा झालेला हा कोश, अधिक त्याची चार खंडांची नवी पुरवणी, अशी ही दोन स्वतंत्र ग्रंथांची रास एकजीव करण्याचे काम १९८४ मध्ये हाती घेण्यात आले. अमेरिकेत एकशेवीसावर टंकलेखक बसले आणि त्यांनी सुमारे ३५ कोटी अक्षरे टंकिली. इंग्लंडात ५५ मुद्रितशोधकांनी ती तपासली. टंकलेखकांनी ठशांचे भेद नोंदविले होते. त्यांवरून अर्थाचे भेद काढण्याचे काम कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात झाले. तेथील मंडळींनी कोशातील नोंदीचे जणू व्याकरणच लिहिले. मूळ शब्दानंतर उच्चार येतो, उच्चारानंतर जात, मग व्युत्पत्ती; अवतरणात आधी वर्ष, मग ग्रंथकार, मग ग्रंथ. ह्या व्याकरणाच्या आधारे यंत्राने एकेका तुकड्यास त्याच्या नावाची खूण लावली. जेथे जुन्या संपादकांनी आपलाच नियम मोडला होता, तेथे यंत्र अडे आणि माणसास निवाडा करावा लागे. पन्नास वर्षे पिढ्यान्पिढ्या चाललेल्या कामात असे नियमभंग असणारच. त्यांबद्दल मरे आदी संपादकांस दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी कोश माणसांच्या डोळ्यांसाठी रचला होता. १९८९ साली दुसरी आवृत्ती २० खंडांत निघाली.

वॉटर्लूच्या ह्या कामाची व्यवस्था पाहणाऱ्यांत टिम ब्रे हे एक होते. पुढे १९९८ च्या १० फेब्रुवारीस ‘एक्सएमएल’ ह्या सुटसुटीत खूणभाषेचे प्रमाण प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या संपादकांत ब्रे यांचे नाव होते, आणि शेजारीच स्पर्बर्ग-मॅक्वीन हे जर्मन वाङ्मयाचे अभ्यासक होते. जागतिक जाळ्यावरील पानांची एचटीएमएल ही भाषा तोवर सर्वतोमुखी झाली होती. पण ती फार क्षमाशील. उघडलेली खूण मिटली नाही तरी पान दिसे. एक्सएमएलने ही सवलत काढून घेतली: उघडलेली प्रत्येक खूण मिटलीच पाहिजे, नाहीतर यंत्राने तो मजकूर नाकारावा. ही कडक शिस्त अनेकांस जाचली, आणि साध्या माहितीच्या देवघेवीसाठी पुढे ‘जेसन’ ही हलकी पद्धत रूढ झाली. ते योग्यच झाले; चार आकडे पाठविण्यास एवढा सरंजाम कशाला? दीर्घ मजकुराची गोष्ट निराळी. मात्र तेथेही एक अडचण आहे, ती पुरती सुटलेली नाही. ह्या भाषेत एक पेटी दुसरीच्या पूर्णपणे आत बसावी लागते. ज्ञानेश्वरीतील वाक्य एक ओवी ओलांडून दुसरीत शिरते, तेव्हा ओवीची पेटी धरावी की वाक्याची? तडजोडी पुष्कळ सुचविल्या गेल्या आहेत, पण त्या तडजोडीच.

आपल्याकडील मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाने संगणकावर शोधण्याजोगा करून दिला आहे. त्याच्या १८५७ च्या आवृत्तीत शब्दापुढे कंसात एकेक रोमन अक्षर आहे: ‘एस’ म्हणजे संस्कृत, ‘पी’ म्हणजे फारशी. फारशीतून आलेले सर्व मराठी शब्द एकत्र पाहण्याची इच्छा कोणास होणार नाही? त्यासाठी त्यातील प्रत्येक ‘पी’ हे अक्षर नसून व्युत्पत्तीची नोंद आहे, हे आधी कोणी तरी लिहून ठेविले पाहिजे. आणि जो जोडशब्द अर्धा एका भाषेतला व अर्धा दुसरीतला, त्यास कोणती खूण द्यावी, हे यंत्र सांगत नाही; तेथे मराठी जाणणाराच बसावा लागतो.