बिअर, हातभट्टी आणि नातवाचा बायोडाटा



या पानावर मी आजवर कडोलीचं साहित्य संमेलन, मार्कंडेय नदी आणि बँकेतले दिवस यावर लिहिलं. आजचा विषय बिअरचा आहे. काही जणांच्या भुवया वर जातील याची कल्पना आहे. वय त्र्याहत्तर, घराणं माळकरी, आणि म्हातारा बिअरवर लिहितोय! पण घरात एक प्रसंग आलाय, म्हणून लिहितो. कुणी प्यावी असं माझं सांगणं नाही, एवढं आधीच बोलून मोकळा होतो.

दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा नातू केमिकल इंजिनियर झाला. पुण्यात चांगल्या कंपनीत होता. तीन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून तो एका लहान ब्रुअरीत लागला. बिअर बनवतो. दादाचा मला रात्री साडेनऊला फोन, "अरे, आमच्या घरात पोरगं आता दारू गाळालंय. हेच्यासाठी शिकवलं काय गा?"

त्या 'गाळालंय' शब्दात सगळा इतिहास आहे. तो आधी सांगतो.

आमचे धाकटे काका हातभट्टीनं गेले. साल १९५९. मी सात वर्षांचा, दादा बाराचा. मला फारसं आठवत नाही. पडवीत घोंगड्यावर ठेवलेले काका आणि आजीचा आवाज, एवढंच. दादानं मात्र सगळं बघितलं. काकांना आधी दिसेनासं झालं आणि ते दिवसाउजेडी "दिवा लावा गे" म्हणत राहिले, हे त्यानं मला पुढं कधीतरी सांगितलं. विषारी दारूत मेथॅनॉल असलं की आधी डोळे जातात, हे मला मोठेपणी कळलं. बँकेत असताना पेपरात अशा बातम्या आल्या की मी पान उलटायचो.

आता कुणी विचारेल, १९५९ साली दारू मिळायची कुठं? बरोबर. कायद्यानं मिळायचीच नाही. आपला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या मुंबई राज्यात होता. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून राज्यभर बंदी लागू झाली. १९५६ च्या १ नोव्हेंबरला आपल्याला म्हैसूर राज्यात घातलं. ते दुखणं वेगळं, त्यावर या पानावर पुष्कळ झालंय. पण बंदी काही त्याबरोबर उठली नाही. साठचं दशक संपत येईपर्यंत आपल्याकडं ती राहिली. कागदावर बंदी, आणि रात्री उसाच्या फडात भट्टी. गूळ आणि नवसागर, कधी त्यात काय काय, ते करणाऱ्यालाच ठाऊक. सायकलच्या ट्यूबमध्ये भरून माल गावात यायचा. मोजमाप नाही, लेबल नाही, तक्रार करायची सोय नाही. तक्रार करणाराच आत जायचा.

आणि चोर्ला घाट उतरला की काय होतं? गोव्यात पोर्तुगीज. तिथं बंदीच नव्हती. काजूची बोंडं तुडवून रस काढायचा, तो आंबवायचा, भट्टीवर चढवायचा. पहिल्या धारेचं हलकं ते हुर्राक, पुन्हा गाळलं की फेणी. तोही लहान धंदाच, घरगुतीच, पण उजेडात. माल वाईट निघाला तर भट्टीवाल्याचं नाव गावभर व्हायचं, म्हणून तो जपायचा. त्याच फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या बाजूचं तेच कसब अंधारात गेलं आणि माणसं मारायला लागलं. मधे फक्त एक घाट. मी कॉमर्सचा माणूस, मला यात नीतीपेक्षा हिशेब जास्त दिसतो. धंदा वहीत असला की कुणाला तरी जबाबदार धरता येतं.

असो. बिअर.

बेळगावकरांना बिअर नवी नाही. कॅम्पात गोरी पलटण एकोणिसाव्या शतकापासून होती, आणि गोरा शिपाई म्हटला की बिअर आलीच. सुरुवातीला ती विलायतेहून बोटीनं यायची. लांबचा प्रवास सोसावा म्हणून तिच्यात कडू हॉप्स जास्त घालायचे. त्यातूनच 'इंडिया पेल एल' नावाचा प्रकार रूढ झाला. आज जगभरची तरुण मंडळी आयपीए म्हणून जे मागतात, त्यातला 'आय' म्हणजे आपण! पुढं कसौलीला डायर साहेबानं ब्रुअरी काढली, दक्षिणेत बेंगळूर-निलगिरीकडं निघाल्या. १९१५ साली थॉमस लीशमन नावाच्या माणसानं दक्षिणेतल्या पाच ब्रुअऱ्या एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज केली. तेव्हा मोठमोठी लाकडी पिंपं बैलगाडीवर घालून पलटणींना पोचवायचे. १९४७ साली विठ्ठल मल्ल्या तिचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि १९७८ साली त्यांच्या मुलानं किंगफिशर बाजारात आणली. पुढं त्या घराण्याचं आणि आम्हा बँकवाल्यांचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. माझी पेन्शन वेळेवर येते, त्यामुळं मी गप्प.

माझी पहिली बिअर बेंगळूरची. बँकेचं ट्रेनिंग होतं, बॅचमधले सगळे गेले, मीही गेलो. पहिला घोट घेतला आणि वाटलं, हे कारल्याचं पाणी, याला पैसे कशाला द्यायचे? ग्लास अर्धा ठेवून उठलो. पुढं गोव्यात बदली झाली. तिथली किंग्जची लहान बाटली, बाहेर घामट दुपार, सोबत तळलेला बांगडा. तेव्हा कळलं की ही चव जीभ शिकते. पण कडोलीला यायच्या आदल्या दिवशी मी कधी हात लावला नाही. आजी जाऊन वर्षं झाली होती, तरी नाही.

निपाणीला असताना दुसरी बाजू बघितली. विड्या वळणाऱ्या बायका आठवड्याचा पगार झाला की थेट काउंटरवर यायच्या, वीस-तीस रुपये भरायच्या, आणि पासबुक आमच्याकडंच ठेवायला सांगायच्या. "घरात न्हेलं तर त्येनी बघतील साहेब." नियमात बसत नव्हतं. आमच्या शाखेतल्या एका ड्रॉवरमध्ये तरी ती पासबुकं असायची. तिकडं नवरे बिअर पीत नव्हते, बिअर परवडतेय कुणाला? पाकिटातली सारायी. कर्नाटकात ती २००७ च्या १ जुलैला बंद झाली.

बाटलीतल्या कंपनीच्या मालाला आज तरुण मंडळी नावं ठेवतात. पाणचट, एकसारखी, कारखान्यातली. नातूही म्हणायचा. त्याला मी एकच सांगितलं, बाबा, एकसारखी आहे हाच तिचा गुण आहे. बेळगावात घ्या, मडगावात घ्या, चव तीच आणि बाटलीवर टक्केवारी छापलेली. आमच्या काकांच्या वेळेला हे असतं तर? लहान, हातानं केलेलं, गावातलं म्हणजे चांगलंच असं नसतं. हातभट्टी तिन्ही होती.

पण त्याचंही म्हणणं चुकीचं नाही, हे मला तिथं जाऊन कळलं. दादानं मला 'समजावून परत आण' म्हणून पाठवलं होतं.

पुण्याला या नव्या प्रकारची सुरुवात २००९ साली झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी 'डूलाली' काढली. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलंय, माहीत आहे का? तिथं लष्करी छावणीत गोरे शिपाई मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि भ्रमिष्टासारखे व्हायचे. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला. मराठी गावाचं नाव इंग्रजीत खुळ्यासाठी गेलं, आणि बिअरच्या पाटीवर परत आलं. पुढच्या वर्षी बेंगळुरात टॉइट निघाली. मग पुण्यात इंडिपेंडन्स, ग्रेट स्टेट, आणि मधापासून मद्य करणारी मूनशाइन. गोव्यात गोवा ब्रुईंगची 'एट फिंगर एडी'. नातवानं मला यादीच म्हणून दाखवली. अमेरिकेत घरच्या घरी बिअर करायला १९७८ साली परवानगी मिळाली आणि त्यातून ही सगळी लाट उठली, असं त्याचं म्हणणं. म्हणजे ज्या वर्षी आपल्याकडं किंगफिशर आली, त्याच वर्षी!

त्याच्या ब्रुअरीत शिरलो आणि दारातच थांबलो. वास ओळखीचा होता. आई नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, वाळवून भाजायची आणि जात्यावर दळायची. नाचणीसत्त्व. अगदी तोच वास. नातू म्हणाला, "धाकटे आजोबा, माल्ट म्हणजे तेच की. नाचणीच्या जागी सातू." मोड आले की धान्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते, एवढंच त्यामागचं शास्त्र. मोड आणून वाळवलेलं सातू पोत्यांतून तयार येतं. ते भरडून पासष्ट-एक अंश गरम पाण्यात ठेवायचं, गोड पाणी निघतं. ते हॉप्स घालून उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट घालायचं. पुढं काही दिवस ते आपोआप आंबतं. लागर असेल तर आणखी थंडीत, आठवडेच्या आठवडे. मोठ्या कंपन्यांना इतका वेळ ठेवणं परवडत नाही, आणि स्वस्त पडावं म्हणून सातूबरोबर तांदूळ, मका, साखरही घालतात.

आणि गाळणं? गाळणं यात कुठंच नाही. भट्टी नाही, वाफ नाही. हे आंबिलीच्या जवळचं आहे, हातभट्टीच्या नव्हे. अर्थात आंबिलीत नशा नाही आणि हिच्यात आहे, हे विसरून चालणार नाही.

चार लहान ग्लास पुढं ठेवले. गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येत होता. मी म्हटलं इसेन्स घातलास काय? तर म्हणे, नाही, ते यीस्टचंच काम. काळी स्टाउट मला कॉफीच्या तळाशी उरलेल्या चोथ्यासारखी लागली, माफ करा. कोकमाची बरी होती. आयपीए दोन घोटांच्या पुढं गेली नाही, 'आय' आपला असला तरी. खरं विचाराल तर उन्हाळ्यात मला अजूनही साधी, हलकी, थंडगार किंगफिशरच आवडते. नातू हसला. पण त्या गव्हाच्या ग्लासाबद्दल मी परतीच्या गाडीत निपाणी येईपर्यंत विचार करत होतो.

एक गोष्ट व्यापारी नजरेला खटकली. आपल्या देशात सगळ्यात जास्त खपते ती 'स्ट्राँग'. पिणारा चव विकत घेत नाही, रुपयाला किती चढते ते बघतो. काकांच्या पिढीतलंच गणित ते. नातवाच्या ग्लासाची किंमत बघता ती बिअर कडोलीतल्या माणसासाठी नाहीच.

दादाला मी येऊन सगळं सांगितलं. गाळणं नाही, आंबवणं आहे. लायसन्स आहे, एक्साईजवाले येऊन मोजून जातात, रोज वहीत नोंद. दादा ऐकत होता. मग म्हणाला, "काकालाबी लोक असंच सांगायचे, चांगला माल हाय म्हणून." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्यानंतर बायोडाटाचं निघालं. पोरगं अठ्ठावीसचं, स्थळं बघायची. दादानं लिहायला लावलं: 'पुणे येथे खाजगी कंपनीत नोकरी.' चंदगडकडचं एक चांगलं स्थळ आलं, बोलणी सुपारीपर्यंत आली, आणि मुलीच्या मामांनी पुण्यात चौकशी केली. मोडलं. ते बिअरमुळं मोडलं नाही. "धंदा काय आहे त्यापेक्षा लपवलात का, हे आम्हाला टोचलं," असा निरोप आला. दादा दोन दिवस जेवला नाही नीट.

गेल्या महिन्यात नातू गावी आला होता. जाताना आपल्या शेतातली वीस किलो रताळी घेऊन गेला. त्याची बिअर करून बघतो म्हणाला. दादा ओट्यावर बसून बघत होता, बोलला काही नाही. पोत्याचं तोंड शिवताना मात्र म्हणाला, "सातूचा चोथा राहतोय म्हणालास, त्याचं काय करतासा?" नातू म्हणाला, दूधवाले नेतात, म्हशींना घालतात. "दूध वाढतंय?" "वाढतंय म्हणतात." दादानं मान हलवली. मग, "रताळ्यांचे पैसे कोण देणार? तू का कंपनी?"

कंपनीनं दिले. बाजारभावानं, पावतीसकट. ती पावती दादानं देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय, सोसायटीच्या कागदांबरोबर.

नवा बायोडाटा टाईप करायला परवा माझ्याकडं आलाय. नोकरीच्या रकान्यात दादानं पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलंय, आणि शेजारी लिहिलंय, 'तू बघ.' मी 'ब्रुअर, बिअर उत्पादन' असं टाईप करून ठेवलंय. प्रिंट अजून काढलेली नाही. या पानावर मुलींचे आईवडील पुष्कळ आहेत, तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा. दादाला मी वाचून दाखवणार आहे.