कार्बनच्या धाग्याची कहाणी



आपल्या ट्रस्टबरोबर वास्तूचेही वय वाढले. भोजनशाळेवरील स्लॅबला गेलेले तडे सर्वांनी पाहिलेच आहेत. त्यावर कार्बनची पट्टी चिकटवावी, अशी सूचना पुढे आली आहे. दात्यांचे द्रव्य त्यात खर्ची पडण्यापूर्वी या पट्टीचा पूर्वेतिहास पाहणे उचित ठरेल.

स्वेटरच्या ॲक्रिलिक सुताशी आम्हा कापडवाल्यांचा जुना परिचय. १९६० च्या सुमारास जपानमधील ओसाका येथे अकिओ शिंदो यांनी त्याच जातीचा तंतू भाजून कार्बनचा तंतू सिद्ध केला. केसाहून कितीतरी बारीक, परंतु ताण सहन करण्यात पोलादास मागे टाकणारा! प्रारंभी तो विमाने व क्रीडासाहित्यात वापरला गेला. इमारतींच्या दुरुस्तीत तेव्हा पोलादी पत्रे इपॉक्सीने चिकटवीत. ते जड असत आणि गंजत.

स्वित्झर्लंडमधील एम्पा या संस्थेत उर्स मायर यांनी पत्र्याऐवजी कार्बन योजला. ल्यूसर्नजवळील ईबाख पुलावर सिग्नल बसविण्यासाठी भोके पाडताना आतील ताणलेल्या पोलादी तारा तुटल्या होत्या. १९९१ मध्ये तेथे कार्बनच्या तीन पट्ट्या चिकटविल्या. पोलाद १७५ किलो लागले असते. कार्बन लागला अवघा ६.२ किलो. परांचीही बांधावी लागली नाही. पुढे १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानमध्ये खांबांना कार्बनचे कापड गुंडाळण्याची पद्धत चांगलीच रुळली.

मात्र ईबाखच्या तारा तुटल्या होत्या, गंजल्या नव्हत्या. हा भेद मला कळीचा वाटतो. जुन्या स्लॅबमधील सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटचा थर खाली लोटते. त्या सुटत्या थरावर पट्टी चिकटविली, तर थरासह पट्टीही निखळणार. सैल काँक्रीट काढणे, सळई घासून स्वच्छ करणे, नवा थर भरणे हे सारे आधी, पट्टी त्यानंतर.

दुसरी बाब उष्णतेची. नेहमीचे इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि आपला स्लॅब तर चुलीवरचा. म्हणून आगीत पट्टी निकामी झाली तरी स्लॅब स्वतःचा भार पेलील काय, तसेच सळई किती गंजली आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे विश्वस्त मंडळाने अभियंत्यांकडून लेखी घ्यावीत. दरपत्रके त्यानंतर मागवावीत.