अन्ननलिकेचे व गिळण्याचे विकार

अन्ननलिकेचे व गिळण्याचे विकार : घास तोंडातून जठरापर्यंत पोहोचण्यात येणारे अडथळे. प्रौढाची अन्ननलिका (ग्रसिका) सुमारे २५ सेंमी. लांब असते. तिच्या दोन्ही टोकांचे वर्तुळाकार स्नायू घास येताच सैल पडतात व लगेच मिटतात.

लक्षणे : आधी भाकरी अडते, पेज उतरते आणि पुढे पेजही अडू लागते, असा क्रम असेल तर मार्ग अरुंद होत असल्याचा संशय येतो. घन व पातळ दोन्ही पहिल्यापासून अडत असल्यास दोष बहुधा स्नायूंच्या हालचालीत असतो. गिळताक्षणी ठसका लागणे, पाणी नाकातून येणे ही घशाच्या पातळीवरील बिघाडाची लक्षणे असून पक्षाघातानंतर ती अनेकदा आढळतात.

अकॅलेशिया : खालचा स्नायू सैल न पडल्याने अन्न वर साचते. रात्री न पचलेले अन्न उशीवर येते, खोकला लागतो. बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात नलिकेचे खालचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते दिसते. टॉमस विलिस यांनी १६७४ मध्ये या रोगाचे वर्णन केले. देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून ते रुग्णाचा मार्ग मोकळा करत. एर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये स्नायू छेदण्याची शस्त्रक्रिया केली. आता हाच छेद तोंडावाटे दुर्बिणीनेही घेता येतो.

आम्लप्रत्यावर्तन : जठरातील आम्ल वर येऊन छातीत जळजळ होते. दीर्घकाळ राहिल्यास व्रण व आकुंचन संभवते.

औषधजन्य व्रण : डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी पाण्याशिवाय घेऊन लगेच आडवे झाल्यास होतो.

दाहक द्रव्ये : ॲसिड वा कॉस्टिक सोडा पोटात गेल्यास उलटी करवू नये.

कर्करोग : तंबाखू व मद्य ही प्रमुख कारणे. भाजलेल्या तंबाखूची मशेरीही निर्धोक नाही. दीर्घकालीन लोहन्यूनतेत, विशेषतः स्त्रियांमध्ये, नलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदा येऊन घास अडतो. अशा रुग्णांत कर्करोगाचा धोका वाढतो.

निदानातील विलंब; उदा., पेठ तालुका (जि. नाशिक) : गुजरातच्या सीमेवरील या आदिवासी तालुक्यात भात, नागली व वरई पिकते. नागलीची कोरडी भाकरी अडू लागली की माणूस आंबील, पेज यांवर भागवतो. त्यामुळे दुखणे झाकले जाते आणि निदान लांबते. दुर्बिणीच्या तपासणीची सोय ग्रामीण रुग्णालयांत सहसा नसल्याने नाशिक गाठावे लागते. हे अंतर कमी होणे निकडीचे आहे.

घास वारंवार अडत असेल किंवा वजन उतरत असेल, तर वय वा पित्त समजून गोळ्यांवर वेळ दवडू नये. दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी.