हार्ड डिस्क बदलली, परवाना अडला

संगणकात कधी ना कधी दगा देणारा भाग म्हणजे हार्ड डिस्क. तरीही सॉफ्टवेअर कंपन्यांनी आपल्या परवान्याची खूण वर्षानुवर्षे तिथेच ठेवली, आणि डिस्क गेली की त्याचा भुर्दंड पडला तो पैसे मोजून सॉफ्टवेअर घेणाऱ्याला.

याची सुरुवात इंटरनेटच्या बरीच आधीची. १९८३ साली आलेलं लोटस १-२-३ हे हिशेबाचं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या कचेऱ्यांमध्ये तुफान खपलं. ते हार्ड डिस्कवर घेतलं तरी सुरू करताना मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालावीच लागे. पुढच्या आवृत्तीत परवाना डिस्कवर नेता येऊ लागला, पण एकदाच. डिस्क फॉरमॅट करण्याआधी तो आठवणीनं परत फ्लॉपीवर घ्यायचा. डिस्क अचानक बंद पडली, तर परवाना तिच्याबरोबरच गेला. ग्राहक इतके वैतागले, की १९८६च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅश्टन-टेट या कंपन्यांनी आपल्या सॉफ्टवेअरवरची अशी बंधनं काढून टाकली.

महाराष्ट्रातल्या डीटीपीवाल्यांना दुसरी पद्धत चांगली ठाऊक आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपी या भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरबरोबर संगणकाला लावायचं छोटं ‘लॉक’ मिळे. डिस्क गेली तर नव्या डिस्कवर सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचं, लॉक लावायचं, की काम सुरू. लॉक हरवलं तर मात्र पंचाईत. तरी परवाना मालकाच्या हातात असे, हे या पद्धतीचं मोठेपण.

२००१ साली ऑफिस एक्सपी आणि विंडोज एक्सपी यांच्याबरोबर मायक्रोसॉफ्टनं अ‍ॅक्टिव्हेशन आणलं. एक्सपी संगणकातल्या दहा गोष्टींची नोंद घेई. प्रोसेसर, मेमरी, नेटवर्क कार्ड वगैरे. त्यांतल्या दोन हार्ड डिस्कच्याच होत्या: डिस्कची ओळख आणि फॉरमॅट करताना तिला मिळणारा क्रमांक. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून नवी बसवली आणि बाकीचं जुळलं, तर सहसा अडत नसे. विंडोज नव्यानं टाकलं, तर ३० दिवसांत पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करणं आलं. इंटरनेट नसलं तर फोनवर ५० आकडे सांगायचे आणि पलीकडून आलेले ४२ आकडे न चुकता टाइप करायचे. जाणकार मंडळी फॉरमॅट करण्याआधी ‘डब्ल्यूपीए.डीबीएल’ ही फाइल जपून ठेवत. हार्डवेअर तेच असेल, तर ती परत जागेवर टाकून हा खटाटोप टळे.

अडोबीच्या फोटोशॉप असलेल्या सीएस३ संचाचा त्रास वेगळा होता. त्यातली फ्लेक्सनेट प्रणाली परवान्याची माहिती डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या, कुठल्याही फाइलीत न दिसणाऱ्या भागात लिही. नेहमीच्या बॅकअपमध्ये तो भाग येतच नाही. सगळ्या फायली नव्या डिस्कवर सुखरूप पोचल्या तरी फोटोशॉप परवाना मागे. त्याच जागेत लिनक्सचा ग्रब बूटलोडरही बसत असल्यानं विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांचे संगणक सुरूच होईनात.

विंडोज १०च्या काळात बरीच सुधारणा झाली. आता सगळ्यात जास्त वजन मदरबोर्डला आहे. नुसती डिस्क बदलून विंडोजची तीच आवृत्ती टाकली, तर इंटरनेट जोडताच ती बहुधा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. २०१६पासून हा परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशीही जोडता येतो. मदरबोर्ड बदलायचा असेल, तर ही जोडणी आधीच करून ठेवावी.

जुन्या सॉफ्टवेअरचं दुखणं मात्र राहिलंच आहे, कारण कंपनीनं सर्व्हर बंद केला की नव्या डिस्कवर अ‍ॅक्टिव्हेशन होणार तरी कुठून? अडोबीनं सीएस२चा सर्व्हर बंद केल्यावर, २०१३च्या जानेवारीत अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती आणि तिचे सीरियल क्रमांक जुन्या ग्राहकांसाठी खुले केले. सर्व्हर बंद करणाऱ्या प्रत्येक कंपनीनं निदान एवढं तरी करायलाच हवं. ग्राहकांनीही एक करावं: जुनी डिस्क चालू आहे तोवरच प्रत्येक सॉफ्टवेअरमधला ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ हा पर्याय शोधून वापरावा आणि परवान्याचे क्रमांक कागदावर उतरवून ठेवावेत.